कोरंब्याचं गाठफूल

"अभिनंदन मॅडम! तुमच्या ऑर्किडचं जतन झालं."

जतन मंडळातून बोलणाऱ्या मुलीचा आवाज इतका गोड होता, की शरयू तेंडोलकरांना आधी बरंच वाटलं. कोरंबा बेटावरच्या डोंगराच्या उत्तर धारेवर त्यांनीच ती ऑर्किड शोधली होती. अंगठ्याएवढी, पिवळट, पाल्यातून कशीबशी डोकं वर काढणारी. अंदमानाच्या समुद्रातलं हे एवढंसं बेट सोडलं तर जगात ती दुसरीकडे कुठेच नव्हती. नाव शरयूताईंनी दिलेलं, त्यामुळे वनस्पतिशास्त्राच्या रीतीप्रमाणे त्या लॅटिन नावाच्या शेपटाला त्यांचं आडनाव कायमचं चिकटलेलं.

"जतन झालं म्हणजे काय केलंत? कुंपण घातलंत की पहारा बसवलात?"

"छे हो मॅडम! जीवकोशात नोंद पूर्ण झाली. आता त्या जातीची काळजीच नाही. धार तर गेल्याच आठवड्यात मोकळी करून दिली."

"मोकळी म्हणजे?"

"म्हणजे तोडायला," मुलगी तितक्याच गोड आवाजात म्हणाली.

शरयूताईंनी फोन ठेवला नाही, आपटला. पुण्याच्या हर्बेरियममध्ये, वाळवलेल्या झाडांच्या त्या संग्रहालयात, त्यांच्या टेबलाशी बसलेल्या दोघी विद्यार्थिनी दचकून उठल्या. बाईंचा आवाज चढतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण बाईंनी फोन आपटलेला कोणी पाहिला नव्हता.

आता हा प्रकार काय होता ते नीट सांगायलाच हवं, कारण सांगितलं तरी लोकांचा विश्वास बसत नाही.

जीवकोश हे यंत्र शरयूताईंच्या सख्ख्या धाकट्या भावाने, निरंजनने बनवलेलं. प्रत्येक झाडाच्या प्रत्येक पेशीत ते झाड कसं घडवायचं याची सगळी हकिगत चार रसायनांच्या अक्षरांत लिहिलेली असते. कोट्यवधी अक्षरं, एकापुढे एक. पानाचा नखाएवढा तुकडा घातला की जीवकोश ती पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरवून घ्यायचा. एवढंच नाही, उतरवलेली अक्षरं तो परत जोडायचा, नात्यातल्या एखाद्या झाडाच्या रिकाम्या केलेल्या पेशीत भरायचा, आणि त्या पेशीपासून बाटलीत रोप वाढवता यायचं. निरंजनने पहिल्यांदा असा टाकळा उगवून दाखवला. नुसत्या फाइलीतून टाकळा! मंत्रिमहोदयांनी कॅमेऱ्यासमोर त्याची भाजी खाल्ली, चवीला फरकच नाही म्हणाले, आणि पुढच्या अधिवेशनात कायदा आला. ज्या जातीला शास्त्रीय नाव आहे आणि जिची नोंद जीवकोशात पूर्ण आहे, ती जात जतन झाली असं समजावं. ती जिथे वाढते त्या जागेला वेगळ्या संरक्षणाची गरज उरली नाही असं समजावं. फाइल आहे ना? मग हवं तेव्हा उगवू!

अहो, टाकळा! जो गटाराच्या कडेला उगवतो, भिंतीच्या फटीत उगवतो, उपटून फेकला तरी पुढच्या पावसाळ्यात तिथेच हजर असतो. त्याच्यावरून या शहाण्यांनी जगातल्या झाडून सगळ्या झाडांचा निकाल लावला.

आणि यात कात्रीत सापडले ते नावं देणारे. पूर्वी नव्या झाडाला नाव मिळालं की ते सरकारच्या नजरेत यायचं, त्याच्या जंगलाला थोडाफार आधार व्हायचा. आता नाव द्यावं तर आठवड्याभरात जीवकोश नोंद पुरी करणार आणि मागोमाग करवती येणार. न द्यावं तर कंपनी म्हणणार, इथे विशेष काहीच नाही, कशाला थांबायचं? कोरंब्यावर अर्णवसेतू नावाच्या कंपनीला बंदर करायचं होतं. उत्तर धार शरयूताईंच्या ऑर्किडच्या नावावर गेली. उरला होता दक्षिण उतार. त्यावर हरकत घ्यायची मुदत पावसाळ्यापर्यंत होती. नोंद पूर्ण झाली नाही अशी एखादी नवी जात तिथे निघाली, तर नोंद होईपर्यंत उताराला हात लावता येत नव्हता. कायद्यात तेवढी एकच फट राहून गेली होती.

शरयूताई निवृत्तीला आल्या होत्या, गुडघे बोलायला लागले होते. तरी त्यांनी पिशवी भरली.

बोटीतून उतरल्यावर आधी दिसली ती उत्तर धार. दिसली म्हणजे, होती तिथे लाल मातीची उघडी पाठ दिसली. सोबत वनखात्याचा टोप्पो होता, या बेटावरच जन्मलेला. तो तिकडे न बघताच चालायला लागला. शरयूताई मात्र थांबून पुरेपूर बघत राहिल्या. आपलं नाव लावून हे झालंय, तर बघितलंच पाहिजे, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

दक्षिण उतारावर रानजायफळाचं घनदाट जंगल. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, एका जुन्या झाडाच्या बुंध्याशी पाला बाजूला सारताना त्यांना लालभडक गाठी दिसल्या. आधी त्यांना अळंबीच वाटली. मग भिंग लावलं आणि त्या तिथेच मातीत मांडी घालून बसल्या. प्रत्येक गाठीवर शेकडो फुलं होती, मोहरीहून बारीक. पान नाही, हिरवेपणाचा लवलेश नाही. म्हणजे ही स्वतःचं अन्न करत नव्हती, दुसऱ्याच्या मुळावर जगत होती. या घराण्यातली मंडळी त्यांना माहीत होती, पण हे तऱ्हेवाईक प्रकरण कुणीच नोंदलेलं नव्हतं.

"गाठफूल," त्या स्वतःशीच म्हणाल्या. लॅटिन नाव नंतर बघू.

त्यांनी बोटांनी माती उकरत गाठ मुळासकट मोकळी केली. आता नमुना करायचा. आयुष्यभर त्यांनी विद्यार्थ्यांना घोकून घेतलं होतं, की एका कागदावर एकच झाड. बांडगूळ आणलंत तर फांदी कापून टाका, वेल आणलीत तर आधाराची काटकी काढा, नाहीतर उद्या कोणाचं नाव कोणाला लागेल पत्ता लागायचा नाही. म्हणून त्यांनी चाकू काढला आणि रानजायफळाचं मूळ कुठे संपतं ते बघू लागल्या.

ते संपत नव्हतं. मूळ गाठीत शिरत होतं आणि तिथे त्याच्या शिरा फाटे फुटून गाठफुलाच्या पेशींमध्ये विरघळत होत्या. पातळ काप काढला, पिशवीतल्या छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. झाडाची शीर, तिला बिलगून गाठफुलाची पेशी, मग परत झाडाची. चाकू कुठेही लावा, दोघांनाही लागणार. नुसतं वरचं फूल खुडलं असतं तर कागद स्वच्छ झाला असता, पण ते गाठफूल झालं नसतं. फूल वर्षातून पंधरा दिवस वर येतं. बाकी वर्षभर हे झाड म्हणजे ही गाठच.

शरयूताईंनी चाकू मिटला. गाठ, मूळ, वरची फुलं, सगळं एकत्र वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि बेटाच्या दमट हवेत कुजू नये म्हणून स्पिरिट शिंपडून बांधलं.

इथे टाइप म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. वनस्पतिशास्त्रात नाव हवेत तरंगत नाही. प्रत्येक नाव एका वाळवलेल्या नमुन्याला बांधलेलं असतं. पन्नास वर्षांनी वाद झाला, की अमुक झाड ते हेच का, तर तो कागद काढून बघायचा. तो टाइप. तो कुठला हे नाव देणारा ठरवतो, आणि एकदा छापून आला की मंत्र्यालाही बदलता येत नाही. जीवकोशाच्या नोंदीसाठीसुद्धा कायद्याने टाइपचाच तुकडा लागायचा. शरयूताईंनी शोधनिबंधात लिहिलं: टाइप, गाठ मुळासह, अखंड.

निबंध छापून आला, टाइपचा तुकडा जीवकोशात गेला. आठवडा झाला, महिना झाला. पडद्यावर एकच शब्द राहिला: अपूर्ण.

मग सुरुवात झाली टिंगलीला. पुंडलिक शेवडे हे शरयूताईंचे कॉलेजपासूनचे सोबती, एका डब्यात जेवलेले, एका दोराने कडे उतरलेले. आता अर्णवसेतूचे सल्लागार. त्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटावर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: "तेंडोलकरबाईंनी एका कागदावर दोन झाडं चिकटवली आहेत. ही चूक पहिल्या वर्षाची मुलं करतात. वयाचा मान राखून बाईंना विनंती की टाइप दुरुस्त करावा." खाली हसण्याच्या चित्रांची रांग लागली. त्यात त्यांच्या हाताखाली शिकलेलेही होते, ज्यांचे कागद एकेकाळी बाईंनी याच चुकीसाठी तोंडावर फेकले होते!

शरयूताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुकीचं हसं झालं असतं तर त्यांनी मान खाली घातली असती. इथे डोळ्यांनी पाहिलेलं खरं लिहिलं म्हणून हसं होत होतं.

रविवारी दुपारी निरंजन जेवायला आला. आईवडील लवकर गेल्यावर याला शरयूताईंनीच वाढवलेला. प्रत्येक सहलीला बोटाला धरून नेलेला. पानं कागदात कशी दाबायची ते त्याला बाराखडीबरोबर येत होतं. त्याने ताटाभोवती पाणी फिरवलं आणि पहिला घास घेण्याआधीच विषय काढला.

"ताई, यंत्र अडकलंय."

"कळलं. सगळ्या जगाला कळलंय."

"झाडाची अक्षरं कुठे संपतात आणि गाठफुलाची कुठे सुरू होतात तेच उमगत नाही. त्यातून काही जनुकं गाठफुलाने कधीकाळी झाडाकडूनच उचललीत, अंगी लावून घेतलीत. ती कोणाची म्हणायची?"

"दोघांची म्हण."

"दोघांची असा रकानाच नाही गं यंत्रात."

"मग यंत्र चुकलंय. झाड कसं चुकेल?"

निरंजनने आमटीत भात कालवला, तो कालवतच राहिला. "तू एवढंच कर. टाइप म्हणजे फक्त वरचं फूल, असं एक शुद्धिपत्रक काढ. तो मजकूर चुकून तसा छापला गेला म्हण. फुलात मूळ नसतं. मी आठ दिवसांत नोंद पुरी करतो. तुझी ही नाचक्की थांबेल, शेवडेही गप्प बसतील."

"आणि उतार?"

त्याने लोणच्याची फोड ताटात इकडून तिकडे सरकवली.

"निरू, माझी ऑर्किड आण."

"काय?"

"जतन झालीय ना? फाइल आहे ना तुझ्याकडे? मग उगव एक आणि आण कुंडीत घालून. मला बघायचीय."

निरंजन ताटाकडे बघत राहिला. लहानपणी बरणी फोडल्यावर तो असाच बसायचा.

"उगवून पाहिलीस कधी?"

"उगवते... बाटलीत."

"आणि बाटलीतून काढली की?"

"महिन्याभरात मरते." आवाज जेमतेम ऐकू आला. "पुन्हा पुन्हा केलं ताई. प्रत्येक वेळी पिवळी पडते, मुळं कुजतात. तिच्या मुळांत एक बुरशी राहते. ती जमिनीतलं अन्न ओढून तिला भरवते. ती बुरशी त्या धारेच्या मातीत होती. आम्ही ऑर्किडची अक्षरं घेतली, मातीची कोण घेणार? आता ती मातीही नाही."

"बाकीच्यांचं काय? इतकी झाडं जतन केलीत."

"टाकळा सोडला तर... बहुतेकांचं असंच. कुणाला बुरशी लागते, कुणाला बी फोडायला ठरावीक पाखराचं पोट लागतं, कुणाला विशिष्ट माशीच हवी. फाइलीत झाड असतं, झाडाचा संसार नसतो."

"हे मंडळाला माहीत आहे?"

"अध्यक्षांना सांगितलं होतं. रणदिवेसाहेब म्हणाले, तांत्रिक अडचण आहे, आज ना उद्या सुटेल, बोभाटा करू नका. माझ्याकडे एवढी माणसं कामाला आहेत ताई, त्यांची घरं..."

"घरं!" शरयूताईंचा आवाज अख्ख्या इमारतीला ऐकू गेला असेल. "लाज नाही वाटत रे? माझ्या नावाखाली डोंगर सोलून काढला, त्याचं अभिनंदन करायला फोन करता, आणि ती मेलीय हे तुला माहीत होतं? तू इथे बसून माझ्या हातचं जेवत होतास आणि तुला माहीत होतं?"

निरंजन उठायला लागला.

"बस! ताटावरून उठायचं नाही. जेव आधी. आणि सुनावणीत सगळ्यांसमोर हे सांगणार असशील तरच पुन्हा तोंड दाखव."

"मला नाही जमायचं ताई."

"मग मलाही फूल खुडून द्यायला जमायचं नाही."

तो जेवला. जाताना त्याने नेहमीसारखं ताट घासून ठेवलं.

सुनावणी मंडळाच्या पुण्यातल्या सभागृहात झाली. समोर अध्यक्ष जयंत रणदिवे, गुळगुळीत दाढीचे, कधीही आवाज न चढवणारे. एका बाजूला शेवडे आणि कंपनीची माणसं. दुसऱ्या बाजूला शरयूताई एकट्या, काचपट्ट्यांची लाकडी पेटी मांडीवर घेऊन. मध्ये जीवकोशाच्या टेबलाशी निरंजन, मुख्य नोंद अधिकारी म्हणून. मागे भिंतभर पडदा. त्यावर जातीचं नाव, तिची स्थिती आणि तिच्या जागेच्या तोडीचा परवाना अशी सगळी साखळी जोडलेली. स्थिती 'जतन' झाली की परवाना आपोआप सुटायचा, ती बदलली की आपोआप थांबायचा, मध्ये माणसाची सहीसुद्धा लागत नव्हती. केवढी सोय!

शेवडे उठले, छान बोलले. बाईंच्या कामाबद्दल आदर आहे वगैरे झालं, मग म्हणाले, "पण हा टाइप मिश्र आहे. दोन वेगळ्या वनस्पती आहेत. परजीवीचा भाग वेगळा काढावा, त्याचीच नोंद करावी, विषय संपवावा."

"वेगळा काढा ना," शरयूताई म्हणाल्या. "कोणी अडवलंय?"

त्यांनी पेटीतून एक काचपट्टी काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. गाठीचा काप भिंतभर पसरला. लाल, करडा, मध्येच पांढऱ्या शिरा.

"पुंडलिक, ये पुढे. ही लेखणी घे आणि रेघ ओढ. रेघेच्या अलीकडे झाड, पलीकडे गाठफूल. बरोबर ओढलीस तर मी आत्ता, इथे, शुद्धिपत्रकावर सही करते."

शेवडे हसत पुढे आले. माणूस लबाड झाला असला तरी अडाणी नव्हता. आयुष्यभर हेच बघत आला होता. त्यांनी एका कडेने रेघ सुरू केली.

"ही शीर अलीकडे राहिली," शरयूताई म्हणाल्या. "ती झाडाची आहे की नाही?"

"झाडाची."

"तिला चिकटलेली पेशी?"

शेवड्यांनी रेघ पुसली, दुसरीकडून ओढली. ती वळवली, परत वळवली. मग चष्मा काढून पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. कॉलेजात काही नवं दिसलं की ते असेच खांदे पाडून बघायचे, हे शरयूताईंना आठवलं आणि त्यांना शेवड्यांचा आणखीच राग आला.

"नाही सांगता येत," शेवडे शेवटी म्हणाले. "रेघ नाहीच इथे."

सभागृहात कुजबूज झाली. रणदिवेंनी हात वर केला आणि ते निरंजनकडे वळले.

"ठीक आहे. आपण शास्त्राच्या खोलात नको जायला. तेंडोलकर, यंत्राला विचारू. झाडाची जी काही अक्षरं आहेत ती वजा करा आणि 'पूर्ण' लिहा. थोडं इकडेतिकडे झालं तर चालेल."

निरंजन उठला. बहिणीकडे त्याने पाहिलं नाही.

"वजा करून पाहिलं साहेब. वजा केलं की गाठफूल उरत नाही. तुटक तुकडे उरतात. त्यातून काहीही उगवणार नाही."

"उगवायचं कोणी सांगितलंय? नोंद करायची आहे."

निरंजनचा आवाज एकदम मोठा झाला, अगदी बहिणीसारखा. "तेच तर! उगवायचं कोणी सांगितलंय! साहेब, जे पूर्ण लिहिलंय तेसुद्धा उगवत नाही. कोरंब्याची ऑर्किड बाटलीबाहेर एकदाही जगलेली नाही. बहुतेक जाती जगलेल्या नाहीत. मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही बोभाटा करू नका म्हणालात आणि मी नाही केला. आज करतोय."

कोणीतरी मागे "अरे बाप रे" म्हणालं. कंपनीची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. रणदिवेंच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"हा आजचा विषय नाही," ते म्हणाले. "इतिवृत्तात घेऊ नका. निर्णय असा, की गाठफुलाची स्थिती 'अपूर्ण' राहील. दक्षिण उताराची तोड थांबेल. शरयूबाई, तुमचा उतार तुम्हाला मिळाला. आनंदाने घरी जा."

मिळाला! एवढ्यासाठी तर हा सगळा खटाटोप होता. रानजायफळं उभी राहणार होती, गाठफुलं वर्षाच्या वर्षाला वर येणार होती. शरयूताईंनी पेटीचं झाकण लावलं. उठून नमस्कार करून निघायचं, एवढंच बाकी होतं. रणदिवे पुढचा कागद उलटायलाही लागले होते.

त्या उठल्या, पण दाराकडे गेल्या नाहीत.

"माझी ऑर्किड," त्या म्हणाल्या. "तिच्यापुढे 'जतन' लिहिलंय. ते खोडा."

"बाई, तुमचं काम झालंय."

"खोडा ते. ती मेलीय. माझं नाव आहे तिच्या शेपटाला, खोटं मी खपवून घेणार नाही. तुमच्या यंत्रात 'नामशेष' असा रकाना आहे ना?"

"आहे," निरंजन म्हणाला. "कधी वापरला नाही."

"लिहून काय होणार आहे?" रणदिवेंचा आवाज पहिल्यांदाच थोडा वर गेला. "झाड परत येणार आहे का?"

"नाही येणार. म्हणूनच लिहायचं. हा हॉल भरून लोक बसलेत, आणि एकालाही ती मेली म्हणून साधा शब्द काढावासा वाटत नाही? उलट अभिनंदन करता? माणसाचं प्रेत दारात ठेवून पेढे वाटाल का हो?"

"तेंडोलकर, तुम्ही काहीही लिहिणार नाही."

स्थिती लिहायचा अधिकार कायद्याने मुख्य नोंद अधिकाऱ्याचा होता. अध्यक्षाचा नव्हे, मंत्र्याचाही नव्हे. घाईघाईत केलेल्या कायद्यात हेही राहून गेलं होतं. निरंजनने बोट ठेवलं. पडद्यावर ऑर्किडच्या नावापुढे 'जतन' पुसलं गेलं आणि 'नामशेष' आलं. त्याच ओळीच्या टोकाला हिरवा परवाना लाल झाला: उत्तर धार, काम निलंबित. कंपनीच्या एका माणसाचा फोन वाजायला लागला.

शरयूताई त्या शब्दाकडे बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"ताई," निरंजन म्हणाला, "यादी मोठी आहे. जिथे जंगल अजून थोडं उरलंय तिथे 'अपूर्ण' लिहितो. उरलं नाही तिथे 'नामशेष'. दोन्हींनी परवाना थांबतो. तू वाच."

"वाचते."

"यंत्र बंद करा!" रणदिवे उभे राहिले होते. "कोणीतरी वीज तोडा!" पण आवाज न चढवणाऱ्या माणसाला ओरडता येत नसतं, आणि जो तो दुसऱ्याकडे बघत होता.

शरयूताई पडद्याशी गेल्या. त्यांनी पहिलं नाव वाचलं, नाव देणाऱ्याच्या आडनावासकट, वर्गात वाचायच्या तसं ठणठणीत. नदीकाठचा तेरडा, काठ बुडालेला. नामशेष. देवराईतली वेल, अर्धी राई उभी. अपूर्ण. त्यांच्या गुरूंनी नाव दिलेलं एक गवत; गुरू जाऊन किती वर्षं झाली होती, बरं झालं ते नव्हते. नामशेष. एकेका नावागणिक भिंतीवर एकेक परवाना लाल होत होता, आणि कुठेतरी, कितीतरी दूर, एखादी करवत थांबत होती.

मग एक नाव आलं आणि त्या वाचता वाचता थबकल्या. "कासाळ पठारावरचा गेंद. पांढऱ्या फुलाचा. नाव देणारा..." त्यांनी मागे वळून पाहिलं. "शेवडे."

निरंजनचं बोटही थांबलं. त्या पठारावर आता विमानतळ होता, हे सगळ्यांनाच माहीत होतं. शेवडे लेखणी हातात धरून अजून तिथेच उभे होते. कंपनीचा वकील त्यांची बाही ओढत होता. त्यांनी ती सोडवून घेतली.

"आम्ही दोघं होतो तेव्हा," ते म्हणाले. "पावसात चार तास ओणवे बसून काढलेला नमुना आहे तो. शरयू, आठवतं?"

"आठवतं."

शेवड्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. "मेलाय तो," ते म्हणाले. "लिही रे."

निरंजनने लिहिलं.

"पुढचं," शरयूताई म्हणाल्या.